देशी भातवाणांचे संग्राहक डॉ. रिछारिया

भाताच्या देशी वाणांचा शोध, जतन आणि अभ्यास यांसाठी आयुष्य वेचणारे कृषिशास्त्रज्ञ म्हणून डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया ओळखले जातात. १९०९ मध्ये जन्मलेले रिछारिया केंब्रिज विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून मायदेशी परतले. १९५९ मध्ये ते कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले.

साठच्या दशकात तैवान व फिलिपाइन्समधून बुटके, खतांना प्रतिसाद देणारे वाण भारतात येऊ लागले. पुरेशा परीक्षणाविना त्यांचा प्रसार झाल्यास नवे रोगही शिरकाव करतील, असा इशारा रिछारिया यांनी दिला. तो तत्कालीन धोरणाच्या विरोधात जाणारा ठरला आणि त्यांना पद सोडावे लागले. तैवानचा ‘टायचुंग नेटिव्ह-१’ हा वाण पुढे कडा करपा व तुडतुड्यांना बळी पडला.

सत्तरच्या दशकात त्यांनी रायपूर येथील मध्य प्रदेश भात संशोधन संस्थेची धुरा सांभाळली. प्रामुख्याने छत्तीसगडच्या गावागावांतून भाताचे १९ हजारांहून अधिक नमुने तेथे जमा झाले. वाण हळवा की गरवा, रोपाची उंची किती, लोंबीला कुसळे आहेत का, दाण्याचा आकार, रंग व सुवास कसा, अशा नोंदी करून त्यांचा अभ्यास झाला. गुणांची नोंद नसलेले बियाणे पैदासकाराला असून नसल्यासारखेच असते. फिलिपाइन्समध्ये एका विषाणूरोगाला प्रतिकारक भात शोधताना सहा हजारांहून अधिक नमुने तपासावे लागले. अखेर तो गुण उत्तर प्रदेशातील एका रानभातात आढळला.

अनेक देशी वाण उत्पादनातही सुधारित वाणांच्या तोडीचे आहेत, हे रिछारिया यांनी दाखवून दिले. तरीही त्यांची संस्था बंद करण्यात आली. संग्रह मात्र टिकला आणि पुढे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आला. एस. गोविंदस्वामी यांच्यासह लिहिलेला त्यांचा भारतीय भातवाणांवरील ग्रंथ १९९० मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने प्रकाशित केला.

१९९६ मध्ये रिछारिया यांचे निधन झाले. २००२ मध्ये सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीने या संग्रहाबाबत विद्यापीठाशी करार केला. परंतु शेतकरी व नागरिकांच्या तीव्र विरोधामुळे कंपनीने त्याच वर्षी माघार घेतली. हजारो शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले ते बियाणे आजही रायपूरच्या विद्यापीठात संशोधकांना उपलब्ध आहे.