संत मार्टिन ह्यांचा अर्धा झगा

पवित्र साक्रामेंताच्या मिरवणुकीत धर्मगुरूंच्या खांद्यावरून पायांपर्यंत येणारा, छातीवर कडीने अडकवलेला जो झगा आपण पाहतो त्याला 'कोप' म्हणतात. त्याचे लॅटिन नाव 'काप्पा'. ह्या शब्दाला एका संतामुळे मोठे भाग्य लाभले. ते टूर्सचे संत मार्टिन.

मार्टिन ह्यांचा जन्म साधारण ३१६ साली, आजच्या हंगेरीत झाला. वडील रोमन सैन्यात अधिकारी, धर्माने मूर्तिपूजक. दहाव्या वर्षी आईवडिलांच्या मनाविरुद्ध हा मुलगा दीक्षार्थी झाला. पण सैनिकाच्या मुलाने सैनिकच व्हावे असा कायदा असल्याने पंधराव्या वर्षी त्याला सैन्यात जावे लागले.

फ्रान्समधील आमियाँ शहराच्या वेशीवर, कडाक्याच्या थंडीत, एक उघडा भिकारी कुडकुडत होता. लोक त्याला ओलांडून जात होते. मार्टिन ह्यांनी बाकीचे कपडे आधीच वाटून टाकले होते. उरला होता अंगावरचा झगा. तलवारीने तो मधोमध कापून अर्धा त्यांनी भिकाऱ्याला दिला. त्यांचा अवतार पाहून काही जण हसलेही. त्या रात्री स्वप्नात तोच तुकडा पांघरलेले प्रभू येशू त्यांना दिसले. अठराव्या वर्षी त्यांनी स्नानसंस्कार घेतला.

पुढे सैन्य सोडून ते संन्यस्त झाले. ३७१ साली टूर्सच्या लोकांनी त्यांना बिशप निवडले, तेव्हा काही बिशपांनी हरकत घेतली. कारण? मळके कपडे आणि विस्कटलेले केस!

त्यांचे शिष्य सुल्पिसियस ह्यांनी लिहून ठेवलेली एक हकीकत आम्हा धर्मगुरूंना विशेष बोचते. भर हिवाळ्यात एका गरिबाला कपडा द्या, असे मार्टिन ह्यांनी मुख्य डीकनला सांगितले. त्याने दिरंगाई केली. तो गरीब थेट सॅक्रिस्टीत आला. मार्टिन ह्यांनी गुपचूप आतला अंगरखा काढून त्याला दिला. डीकन बोलवायला आला, तेव्हा गरिबाला कपडा मिळाल्याशिवाय आपण येणार नाही असे त्यांनी कळवले. वैतागलेल्या डीकनने पाच नाण्यांना एक जाडाभरडा, आखूड कपडा आणून त्यांच्या पायाशी टाकला. तोच नेसून ते वेदीपाशी गेले.

त्या काळी उपासनेसाठी निराळा पोशाख ठरलेला नव्हता. रोमन लोकांचेच कपडे, फक्त स्वच्छ. ४२८ साली पोप सेलेस्टीन पहिले ह्यांनी वेगळा वेष करणाऱ्या बिशपांना पत्रातून समज दिली होती: आपली ओळख शिकवणुकीने पटावी, कपड्यांनी नव्हे. ह्यावरून उपासनावस्त्रे टाकून द्यावीत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती माणसाला झाकतात व सेवा पुढे आणतात. मात्र सणासाठी नवे वस्त्र अर्पण करू इच्छिणाऱ्यांनी सॅक्रिस्टीतली ती हकीकत एकदा वाचावी.

८ नोव्हेंबर ३९७ रोजी मार्टिन वारले. ११ तारखेला, दफनाच्या दिवशी, त्यांचा सण असतो. फ्रँक राजांनी त्यांचा झगा जपून ठेवला, लढाईतही बरोबर नेला. छोटा काप्पा म्हणजे 'काप्पेल्ला'. तो जिथे ठेवत ते प्रार्थनास्थळ 'चॅपल' झाले, तो सांभाळणारे 'चॅपलिन'. आपल्या गायनवृंदासाठी आणखी एक: वाद्यांविना गाण्याला 'आ काप्पेला' म्हणतात, तेही ह्याच झग्याचे देणे.