आकाशाचे भय आणि पाटणचे गणित

१३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस नावाचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटर अंतरावरून जाणार आहे. भारतात तेव्हा १४ एप्रिलची पहाट असेल. दळणवळणाचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरतात. हा सुमारे ३४० मीटर रुंदीचा पाषाण त्यांच्याही आतून जाईल. २००४ साली त्याचा शोध लागला, तेव्हा टकरीची शक्यता काही दिवस २.७ टक्के मानली गेली होती. पुढे निरीक्षणे वाढली, आकडेमोड शुद्ध झाली, आणि २०२१ साली शास्त्रज्ञांनी किमान शंभर वर्षे धोका नसल्याचे सांगितले. भय गणिताने निवारले. अशा गणिताचा एक थोर आचार्य आपल्या खानदेशाशी जोडलेला आहे, म्हणून वाचकांसमोर त्यांचे चरित्र ठेवावे असे आम्हांस वाटते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. सह्याद्रीच्या पायथ्याचे विज्जलवीड हे त्यांचे गाव. ते नेमके कोठले, याविषयी विद्वानांत एकमत नाही. काही जण ते चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरात मानतात. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, ‘करणकुतूहल’ लिहून त्यांनी पंचांगकर्त्यांचे काम सुलभ केले.

पृथ्वी कशावर तरी टेकलेली आहे ही समजूत त्यांनी नाकारली. एका आधाराला दुसरा आधार मानला, तर त्यालाही तिसरा मानावा लागेल आणि ही मालिका संपणारच नाही, असा त्यांचा सरळ तर्क होता. पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती आहे व त्यामुळेच जड वस्तू तिच्याकडे येतात, असे त्यांनी मांडले. चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते. म्हणून संपूर्ण दिवसाच्या गतीऐवजी त्या त्या क्षणाची गती काढावी, हा त्यांचा विचार पुढील काळातील कलनशास्त्राच्या जवळ जाणारा आहे. आकाशातील पिंड अमुक वेळी कोठे असेल, हा लघुग्रहांविषयीचाही मूळ प्रश्न होय.

मात्र असे ज्ञान एका माणसाबरोबर संपू शकते. हे ओळखले त्यांच्या नातवाने. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी होते, तर नातू चांगदेव सिंघण राजाचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून चांगदेवांनी पाटणला मठ स्थापला. १२०७ साली श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास दान दिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेल्या शिलालेखावरून हे कळते. त्याच्या शेवटच्या मराठी भागात बाजारातील मालावरील कराचा वाटा आणि तेलाच्या घाण्यांचे तेल मठास नेमून दिलेले आहे.

लघुग्रहांच्या इतिहासातही हेच दिसते. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतील पालेर्मो येथे धर्मगुरू जुझेप्पे पियाझ्झी यांना सिरीस दिसला. काही आठवड्यांनी तो सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. पियाझ्झींनी नोंदी ठेवल्या होत्या. त्यांवरून तरुण गणिती गाउस यांनी कक्षा मांडली आणि वर्ष संपताना सिरीस पुन्हा सापडला. एकाचे निरीक्षण दुसऱ्याच्या हाती सुरक्षित पोहोचले, म्हणूनच हे घडले.

धोका सर्वथा खोटा नसतो. जळगावला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशाच आघाताने झाले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा पाषाण आकाशातच फुटला आणि जवळपास १,५०० माणसे जखमी झाली. तो येण्यापूर्वी कोणाच्याही नजरेस पडला नव्हता. ज्याची नोंद नाही, त्याचे गणित कोण मांडणार?

म्हणून भास्कराचार्यांच्या बुद्धीबरोबरच चांगदेवांची दूरदृष्टीही आम्हांस मोलाची वाटते. पाटणच्या व्यापाऱ्यांनी आणि तेल्यांनी कदाचित तो ग्रंथ कधी वाचलाही नसेल; परंतु त्यांच्या मालातून आणि घाण्यातून निघालेला वाटा त्या अध्ययनाच्या कामी आला. खानदेशातील पालक आणि शिक्षक मुलांना पाटणला नेतील, तेव्हा देवीच्या दर्शनाबरोबर ही हकिगतही त्यांना सांगावी, एवढीच आमची विनंती.