कायदा शिकलेल्या गोदूताई आणि पावती नसलेली कुळं

टिटवाळा म्हटलं की लोकांना गणपतीचं देऊळ आठवतं. आपल्यातल्या अनेकांना आठवतात त्या बल्याणी-बनेलीकडच्या चाळी, डिपॉझिटची जुळवाजुळव आणि अकरा महिने संपत आले की लागणारी धाकधूक. पण याच गावाचा आणखी एक इतिहास आहे आणि तो भाडेकरूंचा म्हणजे कुळांचा आहे. जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद टिटवाळ्याला भरली होती. ती उभी करणाऱ्यांत एक बाई होत्या, गोदावरी परुळेकर. लोक त्यांना गोदूताई म्हणत.

गोदूताईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ चा, पुण्याच्या गोखले घराण्यातला. वडील नामवंत वकील, घरात पैसा, नाव, सगळं होतं. फर्ग्युसन कॉलेजात शिकून त्यांनी पुढे कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पुण्यातच राहिल्या असत्या तर वडिलांच्या नावावर वकिली आरामात चालली असती. त्याऐवजी सत्याग्रहात उतरून त्या तुरुंगात गेल्या. वडिलांना ते पटलं नाही, तेव्हा घर सोडून मुंबईला आल्या आणि भारत सेवक समाजात पहिल्या महिला सदस्य झाल्या. मुंबईत साक्षरतेचं काम केलं, मग ठाणे जिल्ह्यात फिरू लागल्या. १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न झालं आणि त्याच सुमारास दोघं कम्युनिस्ट पक्षात गेले. युद्धविरोधी प्रचारासाठी त्यांनी तुरुंगवासही भोगला.

शामरावांचं नाव इथे येतंच, कारण ते आधी डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षात होते. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली कुळं त्यासाठी मुंबईत मोर्चा घेऊन आली. ज्यांची मुळं कोकणात आहेत त्यांना खोत म्हणजे काय हे सांगायला नको. खोतांत हिंदू होते तसे मुसलमानही होते.

कल्याण आणि मुरबाडच्या शेतकऱ्यांत काम करून गोदूताईंना कुळांची अडचण कळली होती. टिटवाळ्याच्या परिषदेला उंबरगाव तालुक्यातून थोडे वारली आले, आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून सगळे हादरले. वारली मालकाची जमीन कसत, पण आधी मालकाच्या शेतावर फुकट राबायचं, मग स्वतःचं. याला वेठ म्हणत. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवराबायको दोघंही त्याच्या दारात बांधले जात. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. हिशेब मालकाच्या वहीत आणि वही मालकाच्या घरात. किती फेडलं, किती राहिलं, हे विचारायला कुळाच्या हातात साधी पावतीसुद्धा नव्हती.

हे सरकारला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तीसच्या दशकाच्या अखेरीस या भागाचा अहवाल लिहून ठेवला होता. त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे सक्तीने मजुरी करून घेणं हा १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७४ प्रमाणे गुन्हा होता! म्हणजे कायदा पंचाऐंशी वर्षं होता. तो डहाणू-उंबरगावच्या जंगलापर्यंत पोहोचला नव्हता एवढंच. आमच्या मते गोदूताईंचं कायद्याचं शिक्षण कामी आलं ते इथे. कोर्टात उभं राहण्याआधी अशिलाला आपण अशील आहोत हे कळावं लागतं. ते काम त्यांनी पायी हिंडून, झोपड्यांत राहून केलं.

२३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची परिषद झाली. जवळपास पाच हजार माणसं जमली. ठरलं ते अगदी साधं होतं : वेठ करायची नाही, मालकाच्या शेतावर राबायचं तर रोजी बारा आणे घ्यायचे. माणसं गावोगाव गेली आणि लग्नगडी मोकळे होऊ लागले. मग गवतकापणीचा संप आला, ५०० पौंडांना अडीच रुपये या मागणीचा.

ऑक्टोबरमध्ये जमीनदारांनी डाव टाकला. बाईंची सभा तलवाड्याला आहे आणि त्यांच्या जिवाला धोका आहे अशी आवई त्यांनी उठवली. हजारो वारली धावत आले. इकडे पोलिसांना सांगितलं की हे दंगल करायला जमलेत. गोळीबार झाला, जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. गोदूताई तिथे नव्हत्याच. नंतर परुळेकर पतीपत्नीला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं, तरी संघटना मोडली नाही.

हे जमीनदार-सावकार एका धर्माचे नव्हते. हिंदू होते, पारशी होते, मुसलमान होते. आपल्याकडे हा इतिहास सांगताना हे शेवटचं नाव गाळायची सवय आहे, ती आम्हाला बरी वाटत नाही. घर नाकारलं गेल्याचं दुःख आपल्याला माहीत आहे, तसं मालक म्हणून आपण कसे वागतो हेही विचारलं पाहिजे.

१९४८ मध्ये मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा तो कूळ असं त्याने मानलं, खंडाची पावती देणं मालकावर बंधनकारक केलं. दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारा जमिनीचा खरेदीदार मानला गेला. ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं त्यांची लढाई मात्र पुढे कितीतरी वर्षं चालली.

पावतीची गोष्ट शहरातही तीच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. कलम २९ प्रमाणे पाणी-वीज तोडून भाडेकरूला हुसकता येत नाही. चाळीत राहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? एजंट तर सांगणार नाही.

गोदूताईंनी वारल्यांमधले अनुभव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिले. १९७० मध्ये ते आलं, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ ला त्यांचं निधन झालं.

त्यानंतर दहा वर्षांनी, सप्टेंबर २००६ मध्ये, सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायांसाठी बांधलेल्या दहा हजार घरांची वसाहत तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते सुरू झाली. नरसय्या आडम मास्तरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला होता. तिथे पद्मशाली बाया आहेत, आणि विड्या वळणाऱ्या आपल्या मुसलमान बायाही आहेत, ज्यांनी आधीचं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढलं. वसाहतीचं नाव गोदूताई परुळेकर.