डॉ. आनंदीबाई जोशी

भगिनींनो, आनंदीबाईंचे नाव आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? २०१९ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, तोही पुष्कळ जणींनी पाहिला असेल. पण परदेशी जाऊन डॉक्टर झालेली पहिली मराठी बाई, एवढे म्हणून आपण थांबतो. त्या डॉक्टर कशासाठी झाल्या, हा भाग मला अधिक मोलाचा वाटतो.

माहेरचे त्यांचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यातली ही मुलगी, जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव जोशी पोस्टात कारकून, बिजवर, आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचे ह्या एका ध्यासाने त्यांना पछाडले होते. त्या काळी ही मोठीच गोष्ट खरी. पण अभ्यासात कसूर झाली की ते मारीतही, हे बाईंनी स्वतःच पत्रातून लिहिले आहे. गोपाळरावांचे कौतुक करताना आपण हे विसरू नये.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. बाळावर वेळेवर उपचार झाले नाहीत, आणि बायकांना मोकळेपणाने दाखवता येईल अशी स्त्री डॉक्टर तर हाताशी नव्हती. हे दुःख त्या मुलीच्या मनात असे काही रुतले, की आपणच डॉक्टर व्हायचे असे तिने ठरविले.

येथे थोडे थांबते. इतक्या कोवळ्या वयातल्या आईचे मूल पुष्कळदा दिवस भरण्याआधी आणि हलक्या वजनाचे जन्मते. आपल्या सोमेश्वरनगरला कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांत विशीच्या आतल्या गरोदर मुली डोक्यावर मोळी घेऊन चालताना आपण पाहतोच. अंगात रक्त कमी, पोटाला पुरेसे नाही, विश्रांती तर नाहीच. अशीचे दिवस भरायच्या आत पोट दुखू लागले, तर पहिला धोका बाळाच्या फुप्फुसांना असतो. फुप्फुसात हवेच्या बारीक बारीक पिशव्या असतात. त्या मिटून एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आत एक साबणासारखा बुळबुळीत थर लागतो. हा थर पोटातल्या शेवटच्या महिन्यांत पुरेसा तयार होतो. मूल लवकर आले तर तो अपुरा असतो, आणि दर श्वासाला बाळाला नव्याने फुगा फुगवावा लागतो. मग नाकपुड्या फुलतात, बरगड्या आत ओढल्या जातात, बाळ कण्हू लागते, ओठ निळे पडतात. घरच्या बायका म्हणतात, कुंथते आहे, कुंथू दे. तसे नव्हे, ते दवाखान्यात नेण्याचे लक्षण आहे. सातमाशी जगते आणि आठमाशी जगत नाही असेही आपल्याकडे म्हणतात, त्यातही तथ्य नाही. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या उपयोगाचाच असतो.

हा थर कमी पडतो म्हणून बाळे दगावतात, हे १९५९ साली अमेरिकेत मेरी एलन एव्हरी ह्या बाईंनी दाखवून दिले. त्यानंतरही १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, केनेडींचा, पाच-सहा आठवडे आधी जन्मलेला मुलगा ह्याच दुखण्याने दोन दिवसांत गेला. म्हणजे पैसा, मान, डॉक्टर सगळे हाताशी असूनही इलाज नव्हता. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या दोन डॉक्टरांनी आईला प्रसूतीपूर्वी इंजेक्शन देऊन बाळाची फुप्फुसे लवकर तयार करता येतात हे सिद्ध केले. आपल्याकडे त्यासाठी डेक्सामेथासोन वापरतात; बारा-बारा तासांनी चार वेळा देतात. चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या तर गावच्या नर्सबाईंनीही पहिले इंजेक्शन देऊन बाईला पुढे पाठवावे, असे सरकारने २०१४ साली ठरवून दिले. म्हणून कळा थांबतील म्हणून वाट पाहत घरी बसू नये. १०८ ला फोन करावा. पुढे बाळाला पेटीत, यंत्रावर ठेवावे लागते. फार दिवस यंत्र आणि प्राणवायू लागला तर त्यानेही फुप्फुसे दुखावतात आणि वर्ष-दोन वर्षे सर्दी-खोकल्याला फार जपावे लागते. आणि बाळ सावरले की आईने ते उघड्या छातीशी धरून ठेवावे. ह्या उपायाला पैसा पडत नाही.

असो. आनंदीबाईंकडे वळते.

गोपाळरावांनी अमेरिकेतील एका मिशनऱ्याला पत्र लिहिले. ते तिकडील मासिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असता वाचले आणि ह्या अनोळखी मुलीला पत्र धाडले. दोघींची माया तेथून जुळली. १८८३ साली श्रीरामपूर येथे, म्हणजे बंगालमधल्या, आनंदीबाईंनी सभेत उभे राहून आपण परदेशी का जातो हे लोकांना सांगितले. लोकांनी टीका पुष्कळ केली होती. त्याच वर्षी ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून जहाजावर चढल्या. वय अठरा!

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तेथे जपान आणि सिरियाहून आलेल्याही मुली होत्या. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. थंडी मात्र सोसेना. प्रकृती आधीच नाजूक, त्यात खोकला आणि ताप. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय त्यांनी प्रबंधासाठी घेतला होता. दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या आईने दुसरा कोणता विषय घेतला असता? पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम तेथे गेल्या होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची नेमणूक त्यांची वाट पाहत होती. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या, पण क्षयाने फुप्फुसे पोखरली होती. कोल्हापूरला त्या रुजू होऊ शकल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी प्राण सोडला. बावीस पूर्ण व्हायलाही महिना उरला होता.

त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविली. त्या माउलीने ती न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली, आणि वर नावाचा दगड उभा केला.