बँकवाल्या साहेबाची राणी मुंगी

मुंगीला पंख फुटले की तिचा शेवट जवळ आला, असे आपण म्हणतो. नर मुंग्यांपुरते ते खरेही आहे. राणीच्या बाबतीत मात्र ही म्हण सपशेल उलटी पडते. पंख गळल्यावरच तिचा खरा संसार सुरू होतो. हे प्रयोग करून दाखवणाऱ्यांत लंडनचा एक बँकवाला होता, सर जॉन लबक. मीही उभी हयात बँकेच्या काउंटरमागे काढली, म्हणून या माणसाविषयी मला अंमळ जास्तच जिव्हाळा.

लबकचा जन्म ३० एप्रिल १८३४ चा, अकरा भावंडांत तो थोरला. वडील बँकर, शिवाय गणिताचे जाणकार. एकदा त्यांनी घरी येऊन मुलाला सांगितले की, एक मोठी आनंदाची बातमी आहे. पोराला वाटले, आपल्याला तट्टू मिळणार! बातमी निघाली ती चार्ल्स डार्विन जवळच्या डाऊन गावी राहायला येत असल्याची. पोरगे हिरमुसले. पण १८४२ साली आलेल्या त्याच शेजाऱ्याने पुढे वडिलांकडे रदबदली करून त्याला सूक्ष्मदर्शक मिळवून दिला. कोवळ्या वयातच ईटनची शाळा सुटली आणि लबक बँकेत चिकटला. विज्ञानाची खरी शाळा भरली ती डार्विनच्या घरी.

१८७० मध्ये तो पार्लमेंटात गेला आणि पुढच्याच वर्षी बँक हॉलिडेचा कायदा करून घेतला. लोक त्या सुट्टीला कौतुकाने संत लबकचा दिवस म्हणू लागले. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. वाचकहो, ही पुरवणी आपण निवांत वाचतो, त्यात लोखंड्यांचा वाटा आहे.

लबकच्या खोलीतली गंमत वेगळीच होती. काचेच्या दोन तावदानांमध्ये बोटाच्या जाडीहूनही कमी फट ठेवून तो त्यात बारीक माती भरी आणि मुंग्या सोडी. वरून काळोखासाठी झाकण. मुंग्या पळू नयेत म्हणून सभोवार पाण्याचा चर. आपल्या आज्या पिंजरीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तीच युक्ती! मुंग्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन तो एकेकीवर नजर ठेवी.

एक प्रश्न त्या काळी वादात होता. उडून आलेली राणी एकटी वारूळ वसवू शकते, की तिला कामकरी मुंग्यांची मदत लागतेच? ऑगस्ट १८७६ मध्ये लबकने मिर्मिका जातीच्या दोन जोड्या पकडून वेगळ्या ठेवल्या. राण्यांनी हिवाळा काढला. एप्रिलमध्ये अंडी दिसली आणि जुलै १८७७ मध्ये पहिली कामकरी मुंगी बाहेर आली. जवळजवळ वर्षभर एका किड्याची वाट पाहणारा हा माणूस दिवसा बँक आणि संध्याकाळी पार्लमेंट सांभाळत होता, हे मला आजही नवल वाटते.

आमच्या उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये पहिला मोठा पाऊस झाला की दिव्याभोवती पंखवाल्यांची गर्दी होते. यंदा नातवाने त्यातली एक बाटलीत धरून आणली. पहिला प्रश्न, ही मुंगी की वाळवी? वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड. मुंगीची कंबर बारीक, पुढचे पंख मोठे, मागचे लहान. मग कंबरेवरचे उंचवटे मोजायचे. आमच्या पाहुणीला एकच होता, अंग काळे, पाठ पंखांच्या स्नायूंनी फुगलेली. म्हणजे मुंगळ्याची राणी. शास्त्रज्ञ त्याला कॅम्पोनोटस म्हणतात. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन यांनी १८९२ पासून मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात इथल्या मुंग्यांवर लेख लिहिले, तेव्हापासून ही ओळख पटवणे बरेच सोपे झाले.

घर साधे. काचेची परीक्षानळी घ्यायची, तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, आणि तोंडाला दुसरा बोळा. वर काळा कागद. पंख तिने आपणच तोडले. मुंगळ्याच्या राणीला पहिल्या कामकरी येईपर्यंत खाऊ लागत नाही. आता निरुपयोगी झालेले उडण्याचे स्नायू विरघळवून ती पहिल्या पिल्लांना पोसते. अवघड आहे ते एकच, रोज उघडून न पाहणे. सारखा उजेड आणि हादरे बसले तर घाबरून ती स्वतःची अंडी खाऊन टाकते. नातवाला हे पटवताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी नळी कपाटात, कपड्यांच्या मागे गेली आणि कपाटाची किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात.

लबकचे मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरचे पुस्तक १८८२ साली आले. त्याच वर्षी डार्विन वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याची शवपेटी वाहणाऱ्यांत लबकही होता. १९०० मध्ये तो लॉर्ड ॲव्हबरी झाला. त्याआधीच तिथली जमीन विकत घेऊन त्याने ॲव्हबरीचे प्राचीन शिलावर्तुळ घरे बांधणाऱ्यांपासून वाचवले होते. २८ मे १९१३ रोजी तो गेला.

पण मला आठवतात त्या त्याच्या दोन राण्या. डिसेंबर १८७४ मध्ये पकडल्या तेव्हाच त्या वयात आलेल्या होत्या. एक १८८७ मध्ये गेली. दुसरी आणखी वर्षभर जगली आणि ऑगस्ट १८८८ मध्ये मेली, तेव्हा तिचे वय पंधराच्या घरात होते.