म्हाइंभट : आधार नोंदविणारा आद्य मराठी चरित्रकार

मराठी गद्याच्या आरंभकाळाचा विचार करताना म्हाइंभट सराळेकर यांचे नाव लीळाचरित्राचे कर्ते म्हणून अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांच्या गद्याची सहजता, संवादांतील जिवंतपणा आणि यादवकालीन समाजजीवनाचे त्यांच्या ग्रंथातून होणारे दर्शन यांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने त्यांच्या कार्याचा एक विशेष काहीसा दुर्लक्षित राहिला. ऐकलेली हकिकत कोणाकडून आली याचे भान ठेवून तिची नोंद करणारा लेखक म्हणून म्हाइंभटांचा विचार क्वचितच झालेला आहे. संशोधनपर लेखनातील आधारनिर्देश ही आधुनिक विद्यापीठांनी पाश्चात्त्यांकडून घेतलेली शिस्त आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तळटीप आणि संदर्भसूची या तिच्या बाह्य रूपांपुरते ते खरेही आहे. परंतु त्या शिस्तीच्या मुळाशी असलेली प्रामाणिकता मराठीत सातशे वर्षांपूर्वीच प्रकट झाली होती, हे म्हाइंभटांच्या चरित्रावरून दिसून येते.

सराळे ते रिद्धपूर

म्हाइंभट हे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सराळे येथील संपन्न ब्राह्मण घराण्यातले. शास्त्राध्ययन करून त्यांनी पांडित्य संपादन केले होते आणि त्या पांडित्याचा त्यांना अभिमानही होता. गोदातीरावरील डोमेग्राम येथे श्रीचक्रधरस्वामींशी त्यांची भेट झाली. शास्त्रचर्चेच्या उमेदीने गेलेल्या या पंडिताचा अभिमान त्या भेटीत गळून पडला आणि पुढे घरदार, धनसंपत्ती सोडून ते महानुभाव पंथात आले. हा प्रसंग लीळाचरित्रात आलेला आहे आणि तो स्वतः म्हाइंभटांनीच लिहिलेला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. स्वतःच्या ग्रंथात ते इतर शिष्यांप्रमाणेच तृतीयपुरुषी वावरतात. आपल्या फजितीची हकिकत त्यांनी गाळली नाही किंवा सौम्यही केली नाही. जो लेखक स्वतःविषयीची प्रतिकूल हकिकत जशीच्या तशी ठेवतो, त्याने इतरांविषयी नोंदविलेल्या हकिकतींचे वजन साहजिकच वाढते.

श्रीचक्रधरांच्या उत्तरापंथे गमनानंतर त्यांचा शिष्यपरिवार आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध राहू लागला. नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास हे त्या परिवाराचे प्रमुख होते. म्हाइंभटही तेथे राहिले. श्रीगोविंदप्रभूंच्या निधनानंतर परिवाराला आधार उरला तो आठवणींचा. त्या आठवणी सांगणारी माणसे एकेक करून काळाच्या पडद्याआड जाणार, हे उघड होते. स्वामींचे स्मरण हाच ज्या पंथाच्या साधनेचा गाभा, त्या पंथाच्या दृष्टीने आठवणींचे विस्मरण हे केवळ माहितीचे नुकसान नव्हते. ती साधनेचीच हानी होती. लीळा जमविण्याची प्रेरणा या गरजेतून आली आणि नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली म्हाइंभट त्या कार्यास लागले.

रचनाकालाविषयी येथेच एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. लीळाचरित्राचा काल शके १२००, म्हणजे इ. स. १२७८, असा अनेक पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेला आहे. मात्र श्रीगोविंदप्रभूंचे निधन इ. स. १२८७ च्या सुमारास झाले, असे मानले जाते. त्यामुळे त्यानंतर सिद्ध झालेला ग्रंथ त्याच्या आधीच्या सनाशी जुळत नाही आणि रचना तेराव्या शतकाच्या नवव्या दशकात नेण्याकडे काही अभ्यासकांचा कल आहे. असे असताना एका पुस्तकातील सन दुसऱ्यात आणि दुसऱ्यातील तिसऱ्यात उतरत जातो. तो सन कोणत्या अभ्यासकाने कोणत्या आधारे दिला, याचा निर्देश मध्येच केव्हातरी गळून पडतो. आधार गळाला की अनुमानाला वस्तुस्थितीचे रूप येते.

लीळांचे संकलन

म्हाइंभटांनी आपल्या पांडित्याच्या बळावर एखादे अलंकृत संस्कृत चरित्र रचले असते, तर ते त्या काळाच्या रीतीला धरूनच झाले असते. तसे त्यांनी केले नाही. ज्यांनी स्वामींना पाहिले होते, ज्यांनी त्यांची वचने ऐकली होती, अशा व्यक्तींकडे जाऊन त्यांनी आठवणी विचारल्या. नागदेवाचार्य हे त्यांचे प्रमुख निवेदक. महदाइसा, नाथोबा यांसारखे परिवारातील इतर स्त्रीपुरुषही त्यांत होते. निवेदकांमध्ये पंडित होते, तशा शास्त्राचा गंध नसलेल्या स्त्रियाही होत्या. साक्ष घेताना म्हाइंभटांनी विद्वत्तेचा निकष लावला नाही. प्रसंगी कोण उपस्थित होते, हाच त्यांचा निकष होता. मराठीचा स्वीकारही याच भूमिकेशी सुसंगत आहे. संस्कृतमुळे पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, असा नागदेवाचार्यांचा कटाक्ष होता. शिवाय ज्या भाषेत वचन उच्चारले गेले, त्याच भाषेत ते उतरविल्यामुळे निवेदक आणि लेखक यांच्यामध्ये भाषांतराचा पडदा आला नाही.

लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग आहेत. त्यांतील आधारांचे स्वरूप एकसारखे नाही, हे ध्यानात न घेतल्याने पुष्कळ घोटाळे होतात. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांतील लीळा शिष्यपरिवार स्वामींच्या सहवासात असतानाच्या आहेत. त्यांना प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची साक्ष आहे. एकांकातील लीळा स्वामींच्या एकाकी भ्रमणाच्या काळातील आहेत. त्या काळी सोबत कोणी शिष्य नव्हता. पुढे प्रसंगाप्रसंगाने स्वामींनी स्वतः जे सांगितले, ते शिष्यांनी लक्षात ठेवले आणि त्यांच्याकडून ते म्हाइंभटांपर्यंत आले. म्हणजे येथे साक्ष आहे ती घटनेची नव्हे, तर निवेदनाची. म्हाइंभटांच्या दुसऱ्या ग्रंथात, श्रीगोविंदप्रभुचरित्रात, तिसराच प्रकार आढळतो. रिद्धपुरातील वास्तव्यामुळे त्या चरित्रातील काही भागाला लेखकाच्या प्रत्यक्ष परिचयाचाही आधार आहे. एकाच लेखकाच्या लेखनात आधाराच्या अशा तीन पायऱ्या दिसतात आणि ग्रंथांच्या रचनेतच त्या परस्परांपासून वेगळ्या राखलेल्या आहेत.

एखाद्या प्रसंगाविषयी दोन निवेदकांच्या आठवणी जुळत नसतील, तर काय करावे, हा प्रश्न प्रत्येक चरित्रकारापुढे उभा राहतो. बहुतेक जण एक आठवण निवडतात किंवा दोन्हींचे मिश्रण करतात. लीळाचरित्राच्या परंपरेने वेगळा मार्ग पत्करला. भिन्न आठवणीला तेथे वासना अशी संज्ञा आहे आणि ती ज्याची, त्याच्या नावासह नोंदविण्याची पद्धत आहे. या सर्व नोंदी म्हाइंभटांच्या हातच्या आहेत, असे मात्र म्हणता येत नाही. त्यांपैकी काही उत्तरकालीन संपादकांनी घातलेल्या आहेत. तरीही ही पद्धत पंथात रुजली, याचे श्रेय पुष्कळ अंशी आद्य संकलकाच्या दृष्टीला द्यावे लागते.

जगाच्या इतर भागांतही या दृष्टीची उदाहरणे आढळतात. पाली सुत्तांच्या आरंभी ते ऐकल्याचा आणि स्थळाचा निर्देश असतो. इस्लामी परंपरेत हदीसबरोबर ती सांगणाऱ्यांची साखळी दिली जाते. फ्रान्समध्ये ज्वँव्हील याने इ. स. १३०९ मध्ये पूर्ण केलेल्या संत लुई राजाच्या चरित्रात स्वतः पाहिलेले आणि इतरांकडून कळलेले यांत भेद केलेला आहे. म्हाइंभटांचा काळ या फ्रेंच चरित्रकाराच्या काळाला लागूनच आहे.

मूळ प्रतीचा नाश आणि पाठांची परंपरा

यादवसत्तेच्या अखेरच्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ प्रत नाहीशी झाली, असे पंथीय परंपरा सांगते. ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता, त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करण्यात आला. हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांच्या नावांनी लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ ओळखले जातात, ते यामुळेच. पाठाला नाव देणे म्हणजे त्याच्या उत्तरदायित्वाचा निर्देश करणे होय. नावे जपली गेली म्हणूनच कोणता शब्द कोणत्या पाठातील, हे आजचा संपादक सांगू शकतो.

याच काळात केशिराजबासांनी लीळाचरित्रातून श्रीचक्रधरांची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. वचने प्रसंगापासून सुटी झाल्यावर त्यांचा अर्थ लावणे कठीण होऊ लागले. तेव्हा कोणते सूत्र कोठे, कोणाला आणि कोणत्या निमित्ताने सांगितले गेले, हे देणारे प्रकरणवशासारखे ग्रंथ पंथात निर्माण झाले. संदर्भापासून तोडलेले अवतरण दिशाभूल करते, हे आज संशोधनपद्धतीच्या प्रत्येक पुस्तकात सांगितले जाते. महानुभाव ग्रंथकारांना ते अनुभवाने कळले होते आणि त्यावरचा उपायही त्यांनी ग्रंथरूपाने करून ठेवला होता.

पुढे पंथाने आपले वाङ्मय सांकेतिक लिप्यांत बंद केल्यामुळे हे सर्व बाहेरच्या अभ्यासकांना शतकानुशतके अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी त्या लिप्यांचा उलगडा झाला. त्यानंतर ह. ना. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ती १९६० नंतरच्या दशकात आली, आणि वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रकाशित केली.

मेहकर, लोणार आणि संदर्भाचा प्रश्न

कोलते (१९०८–१९९८) हे बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे. त्याच जिल्ह्याचा मेहकर-लोणार हा भाग लीळाचरित्राच्या एकांकात येतो. मेहकर येथील बोणेबाईंचा प्रसंग आणि लोणार येथे यादव राजा कान्हरदेव याची झालेली भेट या लीळा प्रसिद्ध आहेत. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या किंवा शिकविणाऱ्या अभ्यासकाला ही दोन्ही स्थाने एका दिवसात पाहून येता येतात. स्वामींच्या वास्तव्याची स्थाने नोंदविणारी स्थानपोथी हाताशी ठेवल्यास ग्रंथ आणि भूमी यांचा मेळही घालता येतो. स्थानिक इतिहासाच्या लेखनात या लीळांचा उपयोग व्हावा, हे स्वाभाविकच आहे.

मात्र हा उपयोग बहुधा लीळाचरित्रात असे म्हटले आहे एवढ्या निर्देशावर थांबतो. तो अपुरा आहे. नेने, तुळपुळे आणि कोलते यांच्या आवृत्त्यांत लीळांचे क्रमांक सारखे नाहीत. त्यामुळे आवृत्तीचा उल्लेख न करता दिलेला लीळाक्रमांक वाचकाला भलत्याच लीळेकडे नेतो. भागाचा उल्लेख नसेल, तर तोच क्रमांक तीन ठिकाणी शोधावा लागतो. पाठभेद असलेल्या ठिकाणी कोणाचा पाठ स्वीकारला, हे सांगितले नाही, तर निष्कर्ष कोणत्या शब्दावर उभा आहे हेच कळत नाही. संपादक, प्रकाशनवर्ष, भाग, लीळाक्रमांक आणि आवश्यक तेथे पाठ, इतका तपशील दिला, तरच निर्देश पूर्ण होतो. दुय्यम ग्रंथातून लीळा घेतली असेल, तर त्या दुय्यम ग्रंथाचे नाव देणे प्राप्तच आहे. मूळ न पाहता मुळाचा निर्देश करणे ही न पाहिलेल्याची साक्ष होय.

दुसरा प्रश्न आधाराच्या स्वरूपाचा आहे. मेहकर आणि लोणार येथील लीळा एकांकातील असल्याने त्यांना कोणा शिष्याची प्रत्यक्ष साक्ष नाही. कान्हरदेवाच्या भेटीवरून यादव राजसत्ता आणि महानुभाव पंथ यांच्या संबंधांविषयी काही अनुमान काढावयाचे असेल, तर ही घटना स्वामींच्या निवेदनातून, शिष्यांच्या स्मरणातून आणि पुढे पाठांच्या परंपरेतून आलेली आहे, हे सांगूनच ते काढावे लागेल. असे सांगितल्याने लीळेचे मोल उणावत नाही. ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते आणि कोणत्या प्रश्नाचे देऊ शकत नाही, एवढेच त्यातून स्पष्ट होते. श्रीचक्रधरांनी आपला पूर्वकाळ शिष्यांपुढे कसा मांडला, यासाठी ती प्रथम दर्जाचे साधन आहे. लोणारला राजा प्रत्यक्षात काय बोलला, यासाठी तिला ताम्रपट-शिलालेखांसारख्या स्वतंत्र पुराव्याची जोड हवी.

म्हाइंभटांच्या चरित्राचा हा एक पैलू पदव्युत्तर अध्यापनात संशोधनपद्धतीच्या अभ्यासिकेला जोडता येण्यासारखा आहे. संदर्भ देण्याचे नियम विद्यार्थ्यांना बहुधा स्वल्पविराम आणि कंस यांच्या रूपाने भेटतात आणि त्यामुळे ते निरर्थक वाटतात. ज्याच्याकडून ऐकले त्याचे नाव राखणे, न जुळणारी आठवण टाकून न देणे, पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवणे, वचनाला त्याच्या प्रसंगासह जपणे, या गोष्टी रिद्धपूरच्या परिवारात कोणत्याही परीक्षेसाठी झालेल्या नव्हत्या. स्मरण खरे राहावे, या निकडीतून त्या झाल्या. मूळ प्रत गेल्यानंतरही लीळाचरित्र विश्वसनीय रीतीने अभ्यासता येते, याचे कारण ही निकड त्या परिवाराने प्रत्येक पाठाच्या नावासह पुढच्या पिढीकडे सोपविली, हे होय.