येरवड्याच्या मैदानातली डाक

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दहा वाजता सबमिशन, आणि मी येरवड्यात बसमध्ये अडकलेलो. बाहेर धो धो पाऊस. सरांना सांगायचं कारण मात्र तयार होतं. पाऊस! तेवढ्यात शेजारच्या आजोबांनी जेलकडे बोट दाखवून सांगितलं, की इथल्या मैदानावर पूर्वी टाटांची टपालाची विमानं उतरायची. मला वाटलं, आजोबा थाप मारताहेत. संध्याकाळी लायब्ररीत शोधलं, तर गोष्ट खरी निघाली! त्या शोधात जेआरडी भेटले.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ ला पॅरिसमध्ये झाला. आई फ्रेंच. लहानपणी फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर विमानं बघितली आणि वेड लागलं ते कायमचंच. त्यांना केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायचं होतं. पण वडिलांनी कामासाठी बोलावून घेतलं आणि डिग्री राहून गेली. ही खंत त्यांना आयुष्यभर होती. (आपण मात्र लेक्चर बंक करून कँटीनला बसतो!)

१० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचं लायसन्स मिळालं. भारतात दिलेलं ते पहिलंच, नंबर १. १९३० साली आगाखान स्पर्धेत ते कराचीहून लंडनला निघाले. उलट्या दिशेने येणारा अ‍ॅस्पी इंजिनिअर हा तरुण स्पार्क प्लगसाठी इजिप्तमध्ये अडकला होता. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्याला देऊन टाकले. स्पर्धा अ‍ॅस्पीने जिंकली! पुढे तोच आपल्या हवाईदलाचा प्रमुख झाला.

मग आला १५ ऑक्टोबर १९३२. लंडनहून आलेली डाक घेऊन २८ वर्षांचे जेआरडी कराचीहून ‘पस मॉथ’मधून एकटेच निघाले. आजच्या दमदार सिंगल इंजिन टर्बोप्रॉप विमानांची ताकद हजार हॉर्सपॉवरच्या घरात असते. पस मॉथची होती १२० च्या आसपास! वेग ताशी शंभरेक मैल. रेडिओ नाही, वाट दाखवणारं यंत्र नाही. खाली बघायचं नि वाट ओळखायची. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी विमान मुंबईत जुहूला उतरलं. तिथून पुढे मद्रासपर्यंत डाक नेली त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. भारतीय विमानसेवेची ही सुरुवात.

आता आजोबांच्या गोष्टीकडे येतो. जुहूचं मैदान समुद्राला लागून. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं. मग दोन विमानं, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक असं सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं आणि येरवडा जेलच्या मैदानावर विमानं उतरायची. सह्याद्रीचे घाट, ढग, वारा, आणि हे एवढंसं विमान! तरीही १९३३-३४ च्या सरकारी अहवालात नोंद आहे, की भर पावसाळ्यातही डाक एकदासुद्धा उशिरा पोचली नाही. एकदासुद्धा!

पुढचं बरंच आपल्याला माहीत असतं. १९३८ साली ते टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनल सुरू झाली. १९५३ ला सरकारने विमानसेवा ताब्यात घेतली. त्यांना ते पटलं नव्हतं, तरी अध्यक्ष म्हणून राबत राहिले. १९७८ मध्ये त्यांना त्या पदावरून दूर केलं गेलं. पण विमान सुटलं नाही. १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी, ‘लेपर्ड मॉथ’ हे जुनं विमान घेऊन त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा एकट्याने केलं. १९९२ मध्ये भारतरत्न मिळालं, २९ नोव्हेंबर १९९३ ला ते गेले. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत आली, ते बघायला मात्र ते नव्हते.

मित्रांनो, धाडस थोडंफार सगळ्यांकडे असतं. पण तेच काम रोज, पावसातही, वेळेवर करणं... ते अवघड!

त्या दिवशी माझं जर्नल सरांनी घेतलं नाही. खूप राग आला होता. आता येरवड्यावरून जाताना ते मैदान कुठे असेल असं बघत बसतो. आणि हो, हल्ली एक बस आधीची पकडतो.